मांजराने बोचकारल्यावर येणारी सूज आणि संसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराचं नख सुईसारखं टोकदार आणि आकड्यासारखं वाकडं असतं. कातडीवर नुसती लाल रेघ दिसते, पण जिथे नख रुतलं तिथलं भोक खोल गेलेलं असतं आणि त्याचं तोंड लगेच मिटतं. जंतू आत राहतात. म्हणून सूज किती मोठी आहे याच्याआधी ती बोचकारल्यापासून किती वेळाने आली ते बघा. त्यावरून कारणाचा बराच अंदाज येतो. याला अपवाद रेबीजचा. तिथे सूज बघून काहीही ठरवायचं नसतं.

आत्ताच बोचकारलंय. आधी काय करू?

अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा. बोट एकदा सुजलं की अंगठी निघत नाही आणि मग ती दवाखान्यात कापून काढावी लागते.

मग जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळात वेळ बघूनच धुवा, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन-तीन मिनिटांतच थांबतो. अंगाचा किंवा कपड्यांचा, कुठलाही साबण चालतो. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. पाणी मात्र वाहतं हवं, बादलीत हात बुडवून ठेवण्याचा तेवढा उपयोग नाही. नळ नसेल तर कोणाला तरी तांब्याने सतत पाणी ओतायला सांगा.

ब्रशने किंवा खरबरीत कपड्याने घासू नका. थोडं रक्त येत असेल तर येऊ द्या, पण दाबून पिळून काढू नका. त्याने आजूबाजूच्या पेशी चिरडतात आणि सूज वाढते. धुऊन झाल्यावर स्वच्छ कपड्याने टिपून घ्या, पोविडोन आयोडीन लावा आणि जखम उघडी ठेवा. धुळीत काम असेल तर वर सैल गॉज ठेवा. घट्ट पट्टी किंवा हवा न जाणारी चिकटपट्टी नको.

हळद लावली तर चालेल का? चुना, तिखट, कॉफी?

नाही. हळद, चुना, तिखट, कॉफीची पूड, चुलीतली राख, टूथपेस्ट, रॉकेल यातलं काहीही लावू नका. चुन्याने आणि तिखटाने कातडी भाजते. पूड खोल भोकाच्या तोंडाशी बसते आणि आतला स्राव बाहेर यायचा थांबतो. शिवाय पिवळ्या हळदीखाली लाली पसरतेय की नाही हे डॉक्टरांना दिसतच नाही. आधीच लावलं असेल तर घाबरू नका, साबणाने धुऊन टाका आणि तिथून पुढे १५ मिनिटं मोजा.

जंतुनाशक द्रव पाणी न घालता ओतणं किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा लावणं हेही टाळा, त्याने भरून येणाऱ्या पेशी मरतात.

सूज किती वेळाने आली यावरून नेमकं काय कळतं?

पाच ते वीस मिनिटांत ओरखडा दोरीसारखा वर उठला, भोवती गांधी आल्या, खाज सुटली पण फारसं दुखत नाही, तर ती बहुधा ॲलर्जी असते. मांजर अंग चाटतं, त्यामुळे लाळेतलं प्रथिन नखांवरही असतं. ही सूज काही तासांत उतरते. सिट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी चालते, थंड शेकाने आराम पडतो. ओठ किंवा जीभ सुजणं, घोगरा आवाज, धाप लागणं, चक्कर हे क्वचितच होतं, पण झालं तर थेट १०८ला फोन करा.

पहिल्या दिवसात ओरखड्याच्या कडेने बोटभर लाली, थोडी कोमट कातडी आणि हात लावल्यावर हुळहुळ ही शरीराची नेहमीची दुरुस्ती आहे. दुसऱ्या दिवशी ती तेवढीच राहते किंवा कमी होते. वाढत नाही, हीच तिची खूण.

१२ ते २४ तासांत ठणका सुरू झाला, कातडी ताणून चकचकीत दिसू लागली, भोकातून पातळ करडा किंवा पिवळसर स्राव येऊ लागला, तर पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा संशय घ्यावा. तो बहुतेक मांजरांच्या तोंडात असतो. चावल्यावर जास्त आढळतो, पण लाळ लागलेल्या नखानेही आत जातो. याचं वैशिष्ट्य म्हणजे वेग. रात्री बोचकारलं आणि सकाळी मूठ मिटत नाही, इतका. अशा वेळी संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघत बसू नका.

दोन-तीन दिवसांनी लाली पसरायला लागली, पू धरला, तर ते सहसा आपल्याच कातडीवरचे स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस असतात. जखम खाजवणं, खपली काढणं, मळकं फडकं बांधणं यांनी ते आत शिरतात.

आणि जखम जवळपास विसरून गेल्यावर, एक ते तीन आठवड्यांनी, काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला, मानेत किंवा जांघेत गाठ आली, तर तो वेगळाच आजार असू शकतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सूज उतरावी म्हणून घरी काय करता येईल?

पहिले दोन दिवस हात किंवा पाय छातीपेक्षा उंच ठेवा. हात उशीवर, झोपतानासुद्धा. हात खाली लोंबकळत ठेवला की ठणका वाढतो, हे लगेच जाणवतं. बर्फ रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटं धरा, मग किमान तासभर विश्रांती द्या. बर्फ थेट कातडीवर नको.

गरम शेक पहिल्या दिवशी देऊ नका, रक्तप्रवाह वाढून सूजही वाढते. पू धरला असेल तर शेकून आणि पिळून घरी फोडायचा प्रयत्न अजिबात नको.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चालतं. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. मुलांना वजनावर, दर किलोला १५ मिलिग्रॅम. आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, विशेषतः पावसाळ्यात ताप असेल तर. तो ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लाली वाढतेय की नाही हे कसं ओळखायचं?

बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दर पाच-सहा तासांनी बघा. लाली रेघेच्या बाहेर गेली की दवाखान्यात जायचं. नुसत्या डोळ्यांनी केलेली तुलना फसवी असते, दिवसाच्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीच लाली वेगळी दिसते. फोटो काढणार असाल तर एकाच जागी, एकाच अंतरावरून काढा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने उष्णता तपासा आणि कडकपणा कुठपर्यंत आहे ते चाचपून त्या कडेवर रेघ मारा.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावंच लागेल अशी लक्षणं कोणती?

जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, पू, किंवा झोप मोडणारा ठणका.

बोटाची वेगळी काळजी घ्या. बोटाच्या आत स्नायूबंध एका अरुंद नळीतून जातो. नख तिथपर्यंत पोचलं आणि संसर्ग नळीत शिरला, तर तो काही तासांत पूर्ण लांबीभर पसरतो. ओळखायच्या खुणा अशा: संपूर्ण बोट सारखंच जाडजूड होतं, ते आपोआप थोडं वाकलेलं राहतं, तळव्याच्या बाजूने दाबलं की रेघभर दुखतं, आणि दुसऱ्याने हळूच सरळ केलं तरी कळ येते. यातली शेवटची खूण बहुधा सगळ्यांत आधी दिसते. असं असेल तर गोळ्यांवर भागत नाही, शस्त्रक्रिया करून नळी धुवावी लागू शकते. उशीर झाला तर बोट कायमचं आखडतं. सांध्यावर, म्हणजे मुठीच्या उंचवट्यांवर रुतलेलं नखही याच गांभीर्याने घ्या.

डोळ्याला नख लागलं असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर बुबुळावरची जखम बिघडते.

ओरखडा अगदी बारीक आहे, सूजही नाही. मग रेबीजचं इंजेक्शन कशाला?

कारण सुजेचा आणि रेबीजचा काही संबंध नाही. विषाणू लाळेत असतो, लाळ नखावर असते, आणि जखम भरून गेल्यावरही आजार आठवड्यांनी, महिन्यांनी उफाळू शकतो. लक्षणं सुरू झाल्यावर उपचार जवळपास नाहीच. नखाने रेबीज होण्याची शक्यता चाव्यापेक्षा कमी आहे, पण भारतात कुत्र्या-मांजरांत रेबीज अजून आहे, म्हणून जोखीम घ्यायची नाही.

डॉक्टर जखमेची श्रेणी ठरवतात. धड कातडीवर मांजराने नुसतं चाटलं तर पहिली, त्यात लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरी, त्यात लस लागते. कातडी फुटून रक्त आलं, किंवा मांजराने उघडी जखम चाटली, तर तिसरी. तिथे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. हे औषध जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. लस प्रतिकारशक्ती तयार करेपर्यंत विषाणूला जागेवर अडवणं हे त्याचं काम. ते पहिल्याच दिवशी मिळायला हवं. नाहीच मिळालं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसऱ्या श्रेणीतही ते दिलं जातं.

किती इंजेक्शनं असतात? पोटात घ्यावी लागतात का?

पोटातली १४ इंजेक्शनं ही जुन्या मेंदूपेशींपासून केलेल्या लसीची आठवण आहे. ती लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडावर घेतात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. सरकारी दवाखान्यात बहुतेकदा कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर ०.१ मिलि. स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी एकेक डोस. ०वा दिवस म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, बोचकारल्याचा नव्हे. इथे बरेच जण चुकतात आणि तारखा घोळतात.

एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. लवकरात लवकर जाऊन पुढचा डोस घ्या. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि पुन्हा बोचकारलं, तर ० आणि ३ व्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून जुना कागद जपून ठेवा, त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा.

ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही ती देतात. गरोदरपण हे लस टाळायचं कारण नाही.

मांजर घरचंच आहे, त्याला लस दिलेली आहे. तरी?

मांजराच्या लसीचं कार्ड आणि तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा. लस चालू आहे, मांजर धडधाकट आहे, नजरेसमोर आहे, हे पाहून ते थांबायचं ठरवू शकतात. तो निर्णय घरी घ्यायचा नाही. ‘आमची मनी घराबाहेर जात नाही’ हे अनेकदा अर्धंच खरं असतं, गॅलरीतून आणि जिन्यातून ती कुठवर जाते हे कोणी पाहिलेलं नसतं.

१० दिवस मांजरावर लक्ष ठेवा. लाळेतून विषाणू जात असेल तर त्या मुदतीत मांजर आजारी पडतं किंवा मरतं. मात्र डॉक्टरांनी थांबायला सांगितलं नसेल तर लस सुरू करायला १० दिवस थांबायचं नाही. लस सुरू करा, मांजर धडधाकट राहिलं तर पुढचे डोस कसे बदलायचे ते डॉक्टर सांगतील. मांजर भटकं असेल, पळून गेलं असेल किंवा मेलं असेल, तर पूर्ण कोर्स.

धनुर्वाताचं इंजेक्शन?

शेवटचा डोस आठवत नसेल तर घ्या. स्वच्छ, बारीक जखमेला १० वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर, आणि माती लागलेल्या किंवा खोल जखमेला ५ वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर एक डोस लागतो. हे रेबीजचं इंजेक्शन नव्हे. ‘इंजेक्शन घेतलं’ एवढंच सांगणाऱ्याने दोन्हींपैकी कुठलं घेतलं ते कागदावर बघून घ्यावं.

अँटिबायोटिक लगेच सुरू करावं का? घरात उरलेल्या गोळ्या आहेत.

प्रत्येक ओरखड्याला अँटिबायोटिक लागत नाही. वरवरचा, नीट धुतलेला ओरखडा आपोआप भरतो. हातावर, चेहऱ्यावर किंवा सांध्याजवळ खोल भोक पडलं असेल, मधुमेह असेल, प्लीहा काढलेली असेल, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर डॉक्टर संसर्ग व्हायच्या आतच ३ ते ५ दिवसांचा कोर्स देतात. त्यासाठी सहसा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेली गोळी असते.

उरलेल्या गोळ्यांचा धोका असा की क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन ही नेहमीची औषधं पाश्चुरेलावर नीट चालत नाहीत. दोन दिवस गोळ्या चालू आहेत म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आत संसर्ग वाढत जातो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगा, पर्यायी औषधं आहेत.

मेडिकलमधून मिळणारं ‘मिक्स क्रीम’ लावू नका. बुरशीचं, जंतूंचं आणि खाजेचं औषध एकत्र असलेल्या या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असतं. लाली उतरते, दिसायला छान वाटतं, संसर्ग मात्र तसाच राहतो.

दोन आठवड्यांनी काखेत गाठ आली. काखमांजरी आहे का?

काखमांजरी म्हणजे काखेतला गळू, नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. ओरखड्यानंतर येते ती लसिका ग्रंथीची सूज. जखमेमुळे काखेत-जांघेत येणाऱ्या अशा सुजेला जुनी माणसं अवधाण म्हणतात. जंतू जखमेतून निघून वाटेतल्या ग्रंथीत अडकले की ती फुगते. हाताच्या जखमेला काखेत किंवा कोपराजवळ, पायाच्या जखमेला जांघेत, गालाच्या जखमेला कानापुढे किंवा जबड्याखाली.

आठवड्या-दोन आठवड्यांनी येणाऱ्या गाठीमागे बऱ्याचदा बार्टोनेला हेन्सेली हा जंतू असतो. १९५० मध्ये पॅरिसमध्ये रॉबेर दब्रे यांनी या आजाराचं वर्णन केलं, पण कारण असलेला जंतू ओळखायला १९९०चं दशक उजाडलं. मांजराच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात. पिसवांची विष्ठा नखात अडकते आणि ओरखड्यातून आत जाते. वर्षाच्या आतल्या पिल्लांकडून धोका जास्त. पिल्लू मात्र ठणठणीत दिसतं.

क्रम साधारण असा: तिसऱ्या ते दहाव्या दिवशी ओरखड्याच्या जागी छोटी लालसर पुळी, मग एक ते तीन आठवड्यांत गाठ, सोबत कणकण, थकवा, डोकेदुखी. गाठ दुखते. आधीच धडधाकट असलेल्या माणसात ती औषधाशिवायही उतरते, पण वेळ लागतो, दोन ते चार महिनेसुद्धा. अझिथ्रोमायसिन पाच दिवस दिलं तर पहिल्या महिन्यात गाठ लवकर लहान होते. गाठीत पू झाला तर डॉक्टर सुईने काढतात. चिरा दिला तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते, म्हणून ते टाळतात. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, ताटं-भांडी वेगळी करू नका.

नजर अंधुक होणं, डोळा लाल होऊन कानापुढे गाठ येणं, झटके येणं, किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असताना लांबलेला ताप, यात लगेच तज्ज्ञाकडे जायला हवं.

डॉक्टर क्षयाच्या तपासण्या सांगतायत. मांजरामुळे गाठ आली तर टीबीची तपासणी का?

ती तपासणी योग्यच आहे, टाळू नका. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या गाठीत क्षयाचा विचार आधी करायलाच हवा. अडचण अशी की गाठीतून सुईने काढलेले नमुने दोन्ही आजारांत सारखे दिसू शकतात, रिपोर्टमध्ये दोन्हीकडे ‘ग्रॅन्युलोमा’ असंच लिहून येतं. म्हणून त्या नमुन्याची सीबीनॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी चाचणीही करतात.

तुम्ही करायची गोष्ट एकच, पण मोठी: मांजराचा उल्लेख स्वतःहून करा. गाठ दाखवताना तीन आठवड्यांपूर्वीचा ओरखडा कोणाला आठवत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत कोणी विचारत नाही. जुना ओरखडा, त्याची तारीख, पुळीचा फोटो असेल तर तो, आणि घरात पिल्लू आहे का, एवढं सांगितलं तर बार्टोनेलाची रक्ततपासणी सुचते. सहा-सहा महिन्यांची क्षयाची औषधं विनाकारण घेण्यापासून रुग्ण वाचू शकतो, आणि खरंच क्षय असेल तर तोही वेळेत सापडतो.

आई मधुमेही आहे. तिला वेगळं काय सांभाळायचं?

रोज सकाळी उजेडात जखम बघा, ‘दुखतंय का’ असं विचारण्यावर अवलंबून राहू नका. पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे पायावरचा ओरखडा चिघळला तरी दुखत नाही. साखर रोज तपासा. अचानक वाढलेली साखर ही कधीकधी संसर्गाची पहिली खूण असते. पायावरचा ओरखडा असेल तर पहिल्याच दिवशी दाखवून या आणि भरेपर्यंत अनवाणी फिरू देऊ नका.

ओरखड्यातून टॉक्सोप्लाझ्मा होतो का? मी गरोदर आहे.

ओरखड्यातून होत नाही. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून, मातीतून आणि कच्च्या मांसातून येतो. मांजराचा विष्ठेचा ट्रे दुसऱ्याला साफ करायला सांगा, तोही रोज, कारण विष्ठेतली त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ओरखड्याला वर सांगितलेली काळजी घ्या आणि कुठलीही गोळी घेण्याआधी गरोदर असल्याचं सांगा.

पुन्हा होऊ नये म्हणून मांजराच्या बाबतीत काय करावं?

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोकं कापा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. नखं मुळासकट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करू नका, त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं.

पिसवा आहेत का ते बघायला मांजराच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. औषध मांजरासाठीचंच घ्या. कुत्र्यांसाठीच्या औषधात पर्मेथ्रिन असेल तर त्याने मांजर मरू शकतं. गाद्या आणि पांघरुणं गरम पाण्यात धुवा, पिसवांची अंडी तिथेच पडलेली असतात. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या तारखांना द्या.

आणि पिल्लाशी हाताच्या बोटांनी खेळू नका, दोरी किंवा काठीला बांधलेलं खेळणं वापरा. बोटं हीच शिकार आहे असं एकदा शिकलेलं पिल्लू मोठं झाल्यावरही तेच करतं, फक्त तेव्हा नखं मोठी असतात.